सकाळचा गुडघा

आमच्या घरात एक वेळ खोटं बोललेलं चालतं, पण उजाडल्यावर उठलेलं चालत नाही. माझे दाजी बेकरीवाले. अंधारात उठून भट्टी पेटवणारा माणूस स्वतः लवकर उठला एवढ्यावर कधी समाधानी नसतो. सगळ्या जगाने त्याच्याबरोबर उठावं असं त्याला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक आठ वाजता आलं तरी दाजी त्याच्याकडे असे बघतात, की त्या बिचाऱ्याने पाव मागण्याऐवजी माफी मागावी.

अशा घरात मी राहतो. ताईने मला चार दिवस मदतीला म्हणून बोलावलं होतं, ते चार दिवस अजून चालू आहेत. केकवर नक्षी काढणं आणि नावं लिहिणं हे माझं काम, आणि वाढदिवसाचा केक पहाटे न्यायला कुणी येत नाही ही देवाची कृपा. त्यामुळे मी नऊला उठतो. दाजी मला 'मेहुणे' म्हणतात आणि माझ्या दारावरून जाताना मुद्दाम पत्र्याचे ट्रे आपटतात. मी कूस बदलतो. आळस हा माझ्या मते एक गुण आहे आणि मी तो मेहनतीने जोपासला आहे.

अशात माझी भाची टिचकी उशिरा उठायला लागली, तेव्हा मला किती आनंद झाला असेल बघा. सात संपून आठवं लागायला आलेली, अंगाने काडी, जिभेने तिखट. म्हणून तर नाव टिचकी. एरवी ही पोरगी भट्टीच्या धगीबरोबर उठून खाली पळत यायची, आईच्या शेजारी स्टुलावर उभी राहून पाव पिशवीत भरायची आणि गिऱ्हाइकांना 'पुढचे, पुढचे' म्हणून दटावायची. ती हळूहळू मागे पडायला लागली. आधी स्टुलावर यायला उशीर. मग स्टूलच रिकामं.

आमचं घर बेकरीच्या वर आहे. लोखंडी जिना सरळ भट्टीच्या खोलीत उतरतो. टिचकी त्या जिन्यावरून बसून उतरायला लागली. एकेक पायरी, बुड टेकत टेकत, रांगत्या बाळासारखी. खाली आली की भट्टीजवळच्या मैद्याच्या पोत्यावर बसायची आणि उजवा पाय धगीकडे करून ठेवायची.

"आल्या का राणीसाहेब?" दाजी पीठ मळता मळता म्हणायचे. "मेहुणे, तुमची गादी चालवणारी तयार झाली बरं का."

मी वरून ओरडायचो, "मग? रक्त कुणाचं आहे!"

दहाच्या सुमाराला ती उठून चालायला लागायची, आणि बाराला दप्तर पाठीवर टाकून शाळेला पळत जायची. तिची शाळा दुपारची. संध्याकाळी रस्त्यावर लंगडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग अशा मुलीचं सकाळचं रडगाणं कोण ऐकणार?

तिने सांगितलं नव्हतं असं नाही. 'गुडघा आखडतो' असं ती ताईला म्हणाली होती. पण आमच्या घरात सकाळी कोणाचं काय आखडत नाही? पोती उचलून दाजींची पाठ आखडते, खाली मान घालून पाव मोजून ताईची मान आखडते, आइसिंगची पिशवी दाबून माझा अंगठा आखडतो. आखडलेलं सोडवत सोडवतच आमचा दिवस सुरू होतो. ताई म्हणाली, "चालायला लाग, मोकळं होईल." आणि व्हायचंही मोकळं. हीच तर गंमत.

तरी आईचं मन. ताईने तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. कधी? संध्याकाळी. बेकरीवाल्याच्या घरात सकाळ ही फक्त पावाची असते. लग्नाची खरेदी, दातदुखी, कुणाच्या सांत्वनाला जाणं, सगळं संध्याकाळी. मीही बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" ताई म्हणाली, "पाय दुखतो म्हणते." ते म्हणाले, "उडी मार बघू." टिचकीने एका पायावर दवाखान्याला फेरी मारली, वजनकाट्यावर चढून खाली उडी टाकली आणि विचारलं, "दुसऱ्या पायाने पण मारू?" रांगेतल्या एका आजारी माणसाला त्या दर्शनानेच हुशारी आली.

"वाढीचं दुखणं असेल," डॉक्टर हसून म्हणाले. "या वयात दुखतात पाय. थोडं तेल चोळा."

घरी आल्यावर दाजींना फार बरं वाटलं. "बघा, मी म्हणत होतो! दुखणं-बिखणं काही नाही, मामाचे गुण आहेत सगळे." त्यानंतर टिचकीने गुडघ्याचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, थांबलं दुखायचं.

आता गाडीचं सांगतो. पहाटे पाव झाले की दाजी टेंपोत ट्रे चढवून खानावळी आणि छोट्या दुकानांच्या फेरीला जातात. त्या टेंपोत पुढच्या सीटवर बसून फेरीला जायचं, हे टिचकीचं जन्मापासूनचं स्वप्न. दाजी दरवेळी म्हणायचे, "आठ वर्षांची झालीस की." आणि आठवा वाढदिवस आला. दाजींनी शब्द पाळला, पण अट घातली. "मी कुणाला उठवायला वर येणार नाही. हॉर्न वाजवीन. खाली आलीस तर तू माझी भागीदार. नाही आलीस, तर नऊला मामाबरोबर चहा पी."

आदल्या संध्याकाळी तिची तयारी बघण्यासारखी होती. फ्रॉक चढवला, केस बांधून घेतले, मोजे घातले, बूट घातले आणि तशीच पांघरुणात शिरली. ताई म्हणाली, "अगं, बूट तरी काढ." ती म्हणाली, "नको. वेळ जाईल."

सकाळी हॉर्न वाजला. मी झोपेतच ऐकला. पुन्हा वाजला. मग लांब, चिडलेला असा एक वाजला, आणि टेंपो निघून गेल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले, पण झोप लागेना. माझ्यासारख्या माणसाला झोप लागेना, म्हणजे काहीतरी गंभीर असणार. मी उठून तिच्या खोलीत गेलो. चिडवायलाच गेलो होतो. "काय भागीदार?" असं काहीतरी तोंडात तयार होतं.

टिचकी पलंगाच्या कडेवर बसली होती. बूट घातलेले. केस विस्कटलेले. डोळे टक्क उघडे आणि गालांवर पाणी. उजवा गुडघा वाकवलेला, दोन्ही हातांनी धरलेला. आवाज न करता रडत होती.

आळशी माणूस कसा असतो ते मला कुणी शिकवू नये. तो पांघरुणात सुखी असतो. हाक आली की त्याचे डोळे आणखी घट्ट मिटतात. आळशी माणूस बूट घालून झोपत नाही, आणि जे चुकलं त्यासाठी रडत तर मुळीच नाही. समोर बसलेल्या त्या पोरीत आळसाचा कणसुद्धा नव्हता.

"पाय सरळ कर बघू," मी म्हणालो.

"होत नाहीये."

"कधीपासून होत नाही?"

"रोज सकाळी होत नाही. मग हळूहळू होतो."

"अगं मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मीच लहान आणि तीच मोठी. "बोलून काय? डॉक्टरांकडे गेलं की गुडघा चांगला वागतो. मग मीच खोटी ठरते."

ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कुणावर, ते कळेना. संध्याकाळवर, बहुतेक. गेले कित्येक महिने आम्ही त्या गुडघ्याला त्याच्या सोयीच्या वेळी भेटत होतो. तिला म्हटलं, "आज तो चांगला वागायच्या आत त्याला पकडू. चल."

तिला उचलून जिना उतरलो. खाली ताई गिऱ्हाइकांच्या गराड्यात होती. मी पोरीला पावाचे ट्रे न्यायच्या ढकलगाडीवर बसवलं आणि ओरडलो, "ताई, हिचा गुडघा बघ!"

ताईने काउंटरवरूनच हात लांब करून दोन्ही गुडघे दाबून बघितले. दिवसभर पीठ फुगलं की नाही ते बोटाने बघणारी बाई ती. तिचा चेहरा उतरला. "अरे, हा फुगलाय," ती म्हणाली. "गरम आहे." मग तिने अंगावरचा एप्रन काढला आणि गर्दीला म्हणाली, "ज्याचे त्याने पाव घ्या. मला जायचंय." आमच्या बेकरीच्या इतिहासात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. लोक पाव घ्यायचे विसरून रस्ता द्यायला लागले.

आमची वरात निघाली. मी ढकलतोय, टिचकी गाडीवर, ताई बाजूने पळतेय. मी रात्रीच्या पायजम्यात होतो. शेजारचा न्हावी दुकान झाडत होता, त्याने मला त्या वेळी उभा कधी बघितलेला नव्हता, त्याने काळजीने विचारलं, "घरात काही झालं का?" दवाखाना उघडायला अजून अवकाश होता, पण डॉक्टर मागेच राहतात. मी त्यांचं दार बडवलं. ते दात घासता घासता बाहेर आले, तोंडात फेस.

"डॉक्टर, तोंड नंतर धुवा, आधी गुडघा बघा," मी म्हणालो. "थोड्या वेळाने तो बरा होईल!"

हे वाक्य ऐकून दुसऱ्या कुणी मला हाकलून दिलं असतं. पण ते भले गृहस्थ. तोंड पुसून ढकलगाडीसमोर उकिडवे बसले. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवायला लावले. डाव्या वाटीच्या दोन्ही बाजूंना खळ्या होत्या, उजवीच्या भरून गेल्या होत्या. हाताची पाठ लावून त्यांनी दोन्हींची ऊब पाहिली. मग हलक्या हाताने उजवा पाय सरळ करायला गेले, तो अर्ध्यात अडला. उजवी मांडीही डावीपेक्षा बारीक दिसत होती.

"पडली होती? ताप? वजन उतरलंय? रात्री दुखून जागी होते?" त्यांनी भराभर विचारलं. सगळ्याला नाही.

"सकाळी असं किती दिवस होतंय?"

"भट्टीजवळ बसायला लागले तेव्हापासून," टिचकी म्हणाली. "धगीला बरं वाटतं."

मी आणि ताईने एकमेकांकडे बघितलं. राणीसाहेबांच्या त्या मैद्याच्या पोत्यावर आम्ही किती विनोद केले होते!

"हे वाढीचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाले. "ते संध्याकाळी-रात्री येतं, बहुतेक दोन्ही पायांत, आणि सकाळी पोर टुणटुणीत असतं. सूज नसते, लंगडणं नसतं. हिचं बरोबर उलटं आहे. त्या दिवशी मी सकाळचं विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही." त्यांनी टिचकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मात्र खरंच बोलत होतीस हं."

आतापर्यंत धीराने बसलेली टिचकी तेव्हा भोकाड पसरून रडली. दुखण्याने नव्हे.

एवढ्यात टेंपो करकचून थांबला. फेरी आटोपून दाजी परतले होते आणि त्यांना बेवारशी बेकरी सापडली होती. न्हाव्याने त्यांना इकडे पिटाळलं. "दुकान उघडं टाकून इथे काय तमाशा..." असं म्हणतच ते आत आले, आणि ढकलगाडीवर बूट घालून बसलेली मुलगी त्यांना दिसली. ताईने थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून आधी एका आणि मग दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

दाजी रोज उघड्या हाताने भट्टीची धग जोखतात. तो हात गुडघ्यावर तसाच राहिला. "मी खाली हॉर्न वाजवत होतो," ते म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले. दाजींची मला त्या दिवशी पहिल्यांदा दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं प्रेमही वाटलं.

डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. तिथे लहान मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. दाजींनी फोनवर बाईंच्या मदतनिसाला सांगितलं, "आम्हाला सगळ्यात सकाळची वेळ द्या. नाही, त्याच्याही आधीची." तिथे गेलो त्या दिवशी बेकरी बंद राहिली.

रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सोनोग्राफीत सांध्यात साचलेलं पाणी दिसलं, आणि बाकीची कारणं एकेक करून बाद झाल्यावर बाईंनी सांगितलं, हा लहान मुलांचा संधिवात आहे.

"संधिवात?" दाजी म्हणाले. "तो तर म्हाताऱ्यांना होतो!"

"हा वेगळा, मुलांचाच असतो."

"मी तिला पहाटे उठवलं म्हणून झाला? गारठ्याने?"

"नाही हो."

"भट्टीच्या धगीने? काही खाण्यात आलं?"

"कुणाच्या चुकीने झालेला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "शरीराचे रखवालदार चोरावर सोडून घरच्याच माणसावर धावून गेलेत, एवढंच समजा. आपण त्यांना आवरायचं. वेळेत आवरलं तर बहुतेक मुलं चांगली खेळतात. उशीर केला तर सांधा झिजतो, पाय वाकडा राहतो. तुम्ही वेळेत आलात."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. माझं कौतुक होण्याची मला सवय नाही.

मग टिचकीला थोडी गुंगी देऊन गुडघ्यात इंजेक्शन दिलं. सूज उतरवायचं औषध चालू झालं, ते ती असं तोंड करून घ्यायची की बघणाऱ्याला कडू लागावं. दर काही महिन्यांनी डोळे तपासायचे, कारण या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते आणि ती ना दुखते ना दिसते. सकाळी गरम पाण्याने आंघोळ. आणि व्यायाम. मांडी बारीक झाली होती ती भरायला हवी होती. ताईने विचारलं, "खेळ बंद करायचा ना?" बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. खेळू दे. फक्त गुडघा दुखून फुगला असेल त्या दिवशी जरा दमाने."

व्यायाम दाजींनी अंगावर घेतला. पहिली खेप भट्टीत गेली की ते सतरंजीवर आडवे व्हायचे, टिचकी शेजारी, आणि दोघं पाय सरळ करून गुडघ्याने खालचा टॉवेल दाबायची. दाजींचं पोट मध्ये यायचं. टिचकी दटावायची, "बाबा, पोट नाही, गुडघा!" पाव घ्यायला आलेले लोक काउंटरवरून वाकून हा कार्यक्रम बघायचे आणि सल्ले द्यायचे.

महिन्यागणिक गुडघ्याच्या खळ्या परत आल्या. टिचकी जिना पायांनी उतरायला लागली. टेंपोची पुढची सीट तिला मिळाली आणि फेरीवरच्या खानावळवाल्यांना एक नवी मालकीण मिळाली, जी उशिरा दार उघडणाऱ्याला बोलते. मधे एकदा दुखणं उलटलं, घोटा सुजला, औषध बदलावं लागलं. आम्ही सगळे हिरमुसलो, तीच म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या ना असं होईल कधीकधी." आणि गरम पाण्याची बादली लावायला निघून गेली.

दाजी मात्र पार बदलले. पूर्वी त्यांना प्रत्येक दुखण्यात आळस दिसायचा, आता प्रत्येक जांभईत दुखणं दिसायला लागलं. पोरीने पाय खाजवला तरी 'सुजलाय का?' वाटेत थांबली तरी 'आखडलाय का?' टिचकी वैतागायची. मी म्हणायचो, "दाजी, मधे एक रस्ता असतो." ते म्हणायचे, "असेल. मी एकदा चुकलोय."

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दाजींनी भट्टीत पहिली खेप टाकली. टेंपो दारात उभा. ताई काउंटरवर, बाहेर पहाटेची रांग. आणि टिचकीचा पत्ता नाही. दाजींनी हॉर्न वाजवला नाही; ते हल्ली वाजवत नाहीत. त्यांनी जिन्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, हातातलं पाव काढायचं लांब फावडं भिंतीला टेकवलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. त्या धडधडीने मीही उठलो. काय झालं म्हणून त्यांच्या मागे गेलो.

टिचकी पांघरुणाखाली होती. दाजींनी पांघरुणाचं टोक उचललं आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "बाळा, काय होतंय? गुडघा? घोटा? डोळा दुखतोय?"

पांघरुणातून एक पाय बाहेर आला. सरळ झाला, वाकला, पुन्हा सरळ झाला आणि दाजींच्या पोटाला लागला.

"गुडघा मस्त आहे, बाबा," आतून आवाज आला. "मला नुसता कंटाळा आलाय. झोपू द्या ना."

दाजी दोन्ही हातांत पांघरूण धरून उभे राहिले. मला वाटलं, आता स्फोट होणार. खाली करपल्याचा वासही यायला लागला होता. पण त्यांनी ते पांघरूण तिच्या गळ्यापर्यंत नीट ओढलं, पायाखाली खोचलं, आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.

खाली रांगेत कुरकुर चालू होती. दाजींनी भट्टी उघडली, काळीठिक्कर खेप बाहेर ओढली आणि धुरात उभे राहून डोळे पुसले.

"काय झालं हो?" रांगेतल्या एका बाईंनी धास्तावून विचारलं. "मुलीचं काही दुखतंय का?"

"नाही, नाही!" दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की ताईही बघत राहिली. "आळशी आहे हो ती! काही झालेलं नाही, नुसती आळशी आहे!"